मंदगती आणि आळस

लौकिक व्यवहारात सावकाश चालणाऱ्यास आळशी म्हणण्याची रीत आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात फांदीला उलटा लटकून राहणाऱ्या एका प्राण्याला इंग्रजांनी 'स्लॉथ', म्हणजे 'आळस', असेच नाव दिले. परंतु हा 'आळस' पाण्यात उत्तम पोहतो. त्याच्या तीन बोटांच्या जातीच्या मानेत मनुष्याप्रमाणे सात नव्हे, तर आठ किंवा नऊ मणके असतात. म्हणून धड न हलवता तो मान पुष्कळ मागे वळवू शकतो. झाडाच्या पानांपासून मिळणारी शक्ती अल्प, म्हणून तिचा व्ययही तो अल्प करतो. त्याची मंदगती हा दोष नसून आयव्ययाचा चोख हिशेब होय.

असाच एक मंदगती जीव आपल्या देशात, बंगळूरूसारख्या धावत्या नगरातही आहे. त्याचे नाव लोरिस. कन्नड लोक त्याला 'काडुपाप', म्हणजे रानातले बाळ, असे वात्सल्याने म्हणतात. स्लॉथशी त्याचे नाते नाही. ज्या नरवानरगणात माकड व मनुष्य येतात, त्याच गणातला हा पाव किलोच्या आसपास वजनाचा, बिनशेपटीचा, निशाचर प्राणी. त्याच्या डोळ्यांत मागील बाजूस प्रकाश परतविणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशातही त्याला दिसते. हातापायांतील रक्तवाहिन्यांची रचना अशी की, न थकता तो दीर्घकाळ फांदी घट्ट धरून राहतो. पान न हलविता तो भक्ष्याजवळ जातो. परंतु क्षण येताच त्याचा हात विलक्षण त्वरेने झडप घालतो. ज्याला योग्य क्षणी असे तत्पर होता येते, त्यास आळशी कसे म्हणावे?

गीतेने ह्या दोन गोष्टींतील भेद स्पष्ट केला आहे. अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना आळस व दीर्घसूत्रीपणा ह्यांची गणना केली आहे. उलट सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही सर्व प्रमाणात ठेवणाऱ्यासच योग दुःखनाशक होतो असे सांगून, मनही धीराने, क्रमाक्रमाने शांत करण्याचा उपदेश केला आहे. आळशी मनुष्य कर्तव्य टाळतो. धीराचा मनुष्य कर्तव्य करतो, फक्त धांदल टाळतो. तसेच धावपळ म्हणजे उद्योग असेही नव्हे. पुष्कळदा तो मनाचा रजोगुणच असतो. प्राण्याचे प्रमाण स्वभावसिद्ध आहे. मनुष्याला मात्र ते विवेकाने साधावे लागते, आणि त्यातच त्याचा पुरुषार्थ आहे.

काडुपापापासून घेण्याजोगा आणखी एक बोध आहे. वानर दोन झाडांमधले अंतर उडी मारून ओलांडते. काडुपापाला उडी मारता येत नाही. एक फांदी हातात आल्याशिवाय तो दुसरी सोडत नाही. म्हणून त्याचा मार्ग अखंड असावा लागतो. गृहस्थाची साधनाही अशीच आहे. संसार सोडून एका उडीत पार होणारे विरळा. इतरांनी आजच्या नामस्मरणाची फांदी धरूनच उद्याची फांदी गाठावी. साधना थोडी असली तरी चालेल, पण तिच्यात खंड पडू नये.

बंगळूरूत हा अखंड मार्गच तुटत चालला आहे. रस्ते व इमारती ह्यांसाठी झाडे तोडली की फांदीला फांदी लागत नाही. मग तो जीव जमिनीवर उतरून वाहनाखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी सापडतो, अथवा विजेच्या तारेला फांदी समजून प्राणास मुकतो. 2014 साली डॉ. काबेरी कर गुप्ता ह्यांच्या पुढाकाराने तेथील नागरिक रात्री मंद तांबडा प्रकाश घेऊन, ह्या प्राण्याच्या चमकणाऱ्या डोळ्यांवरून त्याची नोंद करू लागले. भारतीय विज्ञान संस्थेच्या जुन्या वृक्षराजीतही तो आढळला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. तमिळनाडूत 2022 साली कडवूर येथे त्याच्यासाठी स्वतंत्र अभयारण्य घोषित झाले.

तथापि मंत्रतंत्राच्या व औषधाच्या भ्रमाने आजही ह्या मूक जीवाचा छळ होतो. हे धर्मकृत्य नव्हे, तर उघड अधर्म होय. जी गीता सर्व भूतांच्या हितात रमणाऱ्यास श्रेष्ठ गती सांगते, तिचे पठण करून जीवहिंसेस मूक संमती देणे कोणत्याही घरात शोभत नाही.

म्हणून प्रत्येक गृहस्थाने दोन गोष्टींचा नियम करावा. घरात रोज ठरलेल्या वेळी, घाई न करता, थोडे तरी गीतापठण व्हावे. आणि दारातल्या झाडाची फांदी शेजारच्या झाडाला टेकलेली असेल, तर कारणावाचून ती तोडू नये. कोणा मंदगती जीवाचा तो एकुलता एक मार्ग असू शकेल.