दैनंदिन जीवनाचे छायाचित्र : बदलत्या शहराची विकासनोंद

शहराच्या विकासाचे मोजमाप आपण लोकसंख्या, उत्पन्न आणि क्षेत्रफळ यांच्या आधारे करतो. हे मोजमाप आवश्यक आहे. मात्र ते पुरेसे नाही. २०११ नंतरच्या जनगणनेसाठी २०२७ हे वर्ष निश्चित झाले आहे. एवढ्या अवधीत एखादी वस्ती समूळ पालटते. या मधल्या काळाची नोंद ठेवण्याचे एक सुलभ साधन म्हणजे दैनंदिन जीवनाचे छायाचित्रण होय.

मुंबईतील बीडीडी चाळींचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे या चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मध्ये लांब मार्गिका, दोन्ही बाजूंस १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक शौचालये अशी त्यांची रचना. पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते. वरळीतील पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

१६० वरून ५०० चौरस फूट ही प्रगती निर्विवाद आहे. स्वतंत्र शौचालयाचे मोल तर त्या रहिवाशांनाच ठाऊक. परंतु १६० चौरस फुटांत कुटुंबे राहू शकली, कारण संसाराचा काही भाग मार्गिकेत होत असे. धान्य निवडणे, मुलांचा अभ्यास, शेजारणीचे तान्हे मूल सांभाळणे ही कामे तेथेच चालत. शेजारणीच्या भरवशावर एखादी माता नोकरीस जाऊ शकते. त्यात पैशाचा व्यवहार नसल्याने राष्ट्रीय उत्पन्नात त्याची गणना होत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हे आकडे वेळ सांगतात. ते काम कोणत्या उंबऱ्यावर, कोणाच्या सोबतीने होते, हे छायाचित्र सांगते.

अर्थात, प्रत्येक छायाचित्र नोंद ठरत नाही. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

१. चित्रण पाडकामापूर्वी आणि पुनर्वसनानंतरही करावे. एकाच बाजूचे चित्र केवळ स्मरण ठरते. तुलनेसाठी दोन्ही हवीत.

२. शक्यतो तीच कुटुंबे आणि दिवसाची तीच वेळ निवडावी. सकाळी पाणी भरण्याच्या वेळची मार्गिका आणि दुपारची मार्गिका यांत अंतर असते.

३. चौकट विस्तृत ठेवावी. केवळ चेहरा टिपल्यास भोवतालची जागा, साधने व कामाची विभागणी निसटते.

४. दिनांक, वेळ, स्थळ आणि चाललेले काम यांची टीप त्याच दिवशी लिहावी.

५. संमती घ्यावी व छायाचित्राची प्रत त्या कुटुंबास द्यावी. दारिद्र्याचे प्रदर्शन हा हेतू नसावा.

अशा नोंदींचा उपयोग केवळ इतिहासापुरता नाही. नव्या मनोऱ्यात उद्वाहनासमोरची जागा रिकामीच राहते का? मूल सांभाळण्यासाठी आता पैसे मोजावे लागतात का? घरातून चालणारी शिलाई टिकली की बंद पडली? उत्तरे मिळाल्यास पुढील प्रकल्पांत पाळणाघर वा सामाईक कामाची जागा आराखड्यातच समाविष्ट करता येईल. महाविद्यालयांतील अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शहरातील एकेका वस्तीची अशी नोंद हाती घ्यावी. नवी इमारत पुढेही पाहता येईल. पाडलेली मार्गिका मात्र पुन्हा दिसणार नाही.