पिल्लाचे काळीज

अवयवांची नावे लिहिताना 'काळीज म्हणजे हृदय' असे बहुतेकांनी लिहिले. बोलण्यात ते चालते. पण काळीज म्हणजे मुळात यकृत. मटणवाल्याकडे कलेजी मागा, तेच मिळेल! या वेळचा धडा त्याचाच, आणि तो आम्हांला शारजातल्या एका पिल्लाने शिकवला.

आपल्या वर्गातल्या एका मुलीकडे ४ महिन्यांचे माल्टीज जातीचे पिल्लू आहे. अंगाने अगदी लहानखुरे. खिमा खाल्ला की थोड्या वेळाने ते गोल गोल फिरे आणि भिंतीला कपाळ टेकून उभे राही. "शिक्षा झाली वाटतं!" म्हणून आम्ही सगळे हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

आईच्या पोटात असताना पिल्लाचे रक्त स्वच्छ करण्याचे काम आईचे शरीर करते. त्यामुळे बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून एका आडवाटेने जाते. जन्मानंतर थोड्या दिवसांत ही वाट बुजते. काही पिल्लांत ती बुजत नाही. माल्टीज, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत बहुधा यकृताबाहेर एक जादा रक्तवाहिनीच असते. मांस पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करते. इथे मात्र तो थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. म्हणून जेवणानंतर गुंगी येते, कधी झटकेही.

तपासणी सोपी आहे. उपाशीपोटी रक्त घ्यायचे, खायला द्यायचे, २ तासांनी पुन्हा रक्त घ्यायचे आणि दोन्हींतली पित्ताम्ले मोजायची. मग सोनोग्राफी. शस्त्रक्रियेत त्या वाहिनीभोवती एक कडे बसवतात. ते काही आठवड्यांत हळूहळू वाट बंद करते. एकदम बंद केली तर यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढून जीव जाऊ शकतो.

संसर्गाने होणारी कावीळ निराळी. तिचे वर्णन स्वीडनच्या रुबार्थ यांनी १९४७ मध्ये केले. तिच्यावर लस आहे. या आडवाटेवर लस नाही. आणि हो, घरातली पॅरासिटामॉलची गोळी किंवा झायलिटॉल घातलेले च्युइंगम कुत्र्याला कधीही देऊ नका. दोन्हींनी यकृत निकामी होऊ शकते.

आपल्या पिल्लाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोवर त्याला कमी प्रथिनांचे खाणे आणि लॅक्टुलोजचे औषध चालू आहे. भेटायला जाल तेव्हा खिशातून खाऊ नेऊ नका.