व्यवसाय व्यवस्थापनातील माहिती प्रणाली : प्राथमिक परिचय

व्यवसाय लहान असो वा मोठा, त्यात रोज निर्णय घ्यावे लागतात. हे निर्णय अंदाजाने न घेता माहितीच्या आधारे घेता यावेत म्हणून जी व्यवस्था उभी करतात, तिला माहिती प्रणाली म्हणतात. बँकेच्या उदाहरणाने तिचा परिचय करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम नोंद आणि माहिती यांतील फरक ध्यानात घ्यावा. एका खात्यात ५०० रुपये जमा झाले, ही नोंद. अशा सर्व नोंदी जुळवून 'या महिन्यात ठेवी घटल्या' असे कळले, की ती माहिती झाली. माणसे, कामाची पद्धत व यंत्रे ही प्रणालीची अंगे होत. या अर्थाने जुने लेजर हीसुद्धा माहिती प्रणालीच होती.

एकाच नोंदीचा उपयोग तीन स्तरांवर होतो :

१) काउंटरवर रोजचा व्यवहार पुरा होतो.
२) शाखाधिकाऱ्याला थकीत कर्जांची यादी मिळते.
३) मुख्य कार्यालय नवी शाखा, नवी योजना ठरवते.

डॉ. सी. रंगराजन समित्यांच्या १९८४ व १९८९ च्या अहवालांनंतर आपल्या बँकांत संगणकीकरणाने वेग घेतला. पुढे कोअर बँकिंगमुळे शाखा एकमेकींशी जोडल्या गेल्या. २००४ मध्ये आरटीजीएस व २००५ मध्ये एनईएफटी सुरू झाले.

परंतु यंत्राला मर्यादा असते. मी नोकरीत नवीन असताना एकाच नावाच्या दोन खातेदार होत्या. घाईत एकीची पेन्शन मी दुसरीच्या खात्यात जमा केली. अधिकाऱ्यांनीही नोंद मंजूर केली. संध्याकाळी जमा-नावे बरोबर जुळले. कारण रक्कम योग्य होती, फक्त माणूस चुकला होता. त्या आजी पासबुक घेऊन आल्या. मी पडद्याकडे पाहून म्हणालो, "आजी, पैसे आले नाहीत." एसटीचे भाडे खर्चून त्या तीनदा आल्या, तेव्हा कुठे मी व्हाउचर काढून पाहिले.

तात्पर्य, ग्राहकाची तक्रार हासुद्धा माहितीचाच भाग आहे. प्रणालीची चूक पुष्कळदा तिच्यातूनच उघड होते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा आपल्या मुलामुलींनी संगणकाला भिऊ नये. मात्र पडद्यावरील आकड्यामागे माणूस असतो, हे विसरू नये.