आधी ओहम, मग तार

हे बघ पोरा, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात तुकोबांची पालखी मुक्कामी येणार असो की चाकणच्या शेडमध्ये खंडेनवमीची पूजा असो, गिऱ्हाईक ऐनवेळी म्हणणारच, "अजून दोन भोंगे लावा." लाव की. पण आधी ॲम्प्लिफायरच्या पाठीवरची पट्टी वाच: कॉमन, ४, ८, १६ ओहम आणि पुढे ७०, १०० व्होल्ट.

१६ ओहमचे दोन भोंगे पॅरलल जोडलेस की ८ झाले, चार जोडलेस की ४. पाचवा लावलास तर ३.२, म्हणजे पट्टीच्याही खाली. वाईट हे की तरीही गाणं वाजतं, मग सगळ्यांना वाटतं जमलं, आणि आतले ट्रान्झिस्टर तापत राहतात. आठ लावायचे तर दोन-दोन सिरीजमध्ये घे, त्या चार जोड्या पॅरलल कर, बेरीज ८ येते. मात्र जोडीतला एक गेला की दुसराही मुका होतो. मल्टिमीटरने ८ ओहमच्या स्पीकरला ६-७ दाखवलं तर बिचकू नकोस. शून्य दाखवलं तर तार कुठे चिकटली ते शोध.

एमआयडीसीतल्या लांबलचक शेडमध्ये ही पद्धत चालत नाही. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १०० मीटर नेलीस, तर जाऊन-येऊन साडेतीन ओहम तारेतच. ४ ओहमच्या भोंग्याची निम्मी ताकद वाटेतच संपते. तिथे १०० व्होल्टची लाईन टाक, प्रत्येक भोंग्याला ट्रान्सफॉर्मर, आणि मग ओहम विसरून नुसते वॅट मोज. १०० वॅटच्या मशीनवर १०-१० वॅटचे आठ भोंगे पुरे. उरलेले २० वॅट गिऱ्हाइकाने मागितले तरी देऊ नकोस.

त्या लाईनवर बिनट्रान्सफॉर्मरचा भोंगा चुकूनही नको, कॉइल लगेच जळते. ४ ओहम आणि १०० व्होल्ट, दोन्ही टोकांवर एकदम भार टाकायचा नाही.

बॉक्समधल्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. पडदा पुढे आला की सेलचा प्लस ज्या टोकाला होता, तिथे लाल खूण कर. शेजारच्या दोन स्पीकरांत एक उलटा जोडला तर ढोलकीचा खर्जच गायब होतो, आणि लोक ॲम्प्लिफायरला शिव्या देतात.

पालखीच्या दिवसांत पाऊस ठरलेला. तार वरून थेट भोंग्यात आणू नकोस. खाली एक वेढा सोडून मग वर ने, म्हणजे पाणी वेढ्यावरून ठिबकतं, टर्मिनलपर्यंत जात नाही.