आकाशाची पूजा कोणीं करावी?

कोल्हापुरांतील शाहूपुरी ही गुळाची पेठ आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली आहे. शाहू छत्रपतींनीं इ. स. १८९५ मध्यें ती वसविली. पुढें चारच वर्षांनीं, कार्तिकस्नानाकरितां पंचगंगेवर गेले असतां, महाराजांस असें कळून आलें कीं, आपला पुरोहित वेदमंत्र न म्हणतां पुराणोक्त मंत्र म्हणत आहे. वेदोक्ताचा अधिकार आपणांस नाहीं, असें उत्तर त्यांस मिळालें. राजोपाध्यांनींही वेदोक्त विधि करण्याचें नाकारिलें, तेव्हां इ. स. १९०२ मध्यें महाराजांनीं त्यांचें वतन जप्त केलें.

देवाजवळ जाण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न एकट्या कोल्हापुराचा नव्हे. चीन देशांत तो फार प्राचीन काळीं उभा राहिला; मात्र तेथील उत्तर उलट होतें. तेथें राजासच अधिकार, इतर कोणासही नाहीं.

तीन हजार वर्षांपूर्वीं तेथील शांग घराण्याचे राजे ‘शांगदी’, म्हणजे ‘वरचा अधिपति’, यास भजत. बैलाचीं हाडें व कासवाचीं कवचें तापवून, पडलेल्या चिरांवरून ते कौल घेत. ख्रिस्तापूर्वीं सुमारें १०४६ मध्यें झौ घराण्यानें त्यांचा पाडाव केला. नवे राजे ‘थिएन’ म्हणजे आकाश याचें नांव घेऊन म्हणूं लागले कीं, आकाश सदाचारी राजास राज्य देतें व दुराचाऱ्यापासून तें काढून घेतें. म्हणून राजा ‘आकाशपुत्र’ म्हणविला जाई.

बीजिंग नगरांतील आकाशमंदिर इ. स. १४२० मध्यें बांधलें गेलें, व तेथील गोल वेदी १५३० मध्यें. तिला छप्पर नाहीं; वर मोकळें आकाश. वर्षांतील सर्वांत लहान दिवशीं, सूर्योदयापूर्वीं, बादशहा तीन दिवस व्रतस्थ राहून तेथें येई व वासराचा होम करी. मूर्ति नसे, केवळ नांव लिहिलेली पट्टिका असे. ज्याच्यापुढें सर्व राष्ट्र वांके, तो त्या रात्रीं स्वतः गुडघे टेकी. परंतु रयतेपैकीं कोणी घरीं आकाशाची पूजा केली, तर कायद्याप्रमाणें तो दंडास पात्र होई.

इ. स. १८७३ मध्यें जेम्स लेग या मिशनरीनें त्या वेदीवर जातांना पायांतील जोडे काढिले. शांगदी हें खऱ्या देवाचेंच नांव आहे, असें त्याचें मत होतें. पुष्कळ मिशनऱ्यांस तें पटलें नाहीं. इ. स. १९१२ मध्यें बादशाही संपली. १९१४ मध्यें अध्यक्ष युआन शिकाय यानें तो विधि पुन्हा एकदां केला. पुढें तो बंद पडला. आज तेथें सार्वजनिक बाग आहे.

प्रिय वाचकहो, आम्ही त्या बादशहास हंसत नाहीं. आपणांहून थोर कोणी आहे, हें जाणून तो नम्र झाला, ही गोष्ट लहान नव्हे. दोष नमनांत नव्हता. दोष कुंपणांत होता. कुंपणाचें दुःख आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्यापैकीं अनेकांचे आजे-पणजे देवळाच्या पायरीपाशींच थांबविले जात. पवित्रस्थानाचा पडदा वरून खालपर्यंत फाटला, तो याचकरितां. म्हणून आपल्या मंडळींत मागील बांकावर बसणाऱ्या गरीब भावास प्रार्थना करावयास कोणी सांगत नसेल, तर नवें कुंपण आपणच घालीत आहों.

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न: (१) चीनच्या बादशहापासून आपण काय घ्यावें व काय टाकावें? (२) आपल्या गांवीं प्रार्थनेस पुढें येण्यास कोण भितो, व कां?