मिश्र वंशाचा कुत्रा आणि काटकपणाचा समज

मिश्र वंशाचा कुत्रा, म्हणजे ज्याचे आईबाप वेगवेगळ्या जातींचे आहेत किंवा ज्यांपैकी एक गल्लीतला गावठी आहे असा कुत्रा, मुळातच काटक असतो आणि त्याला दवाखाना क्वचितच लागतो, हा समज इतका रुजलेला आहे की पिल्लू घरी आणताना त्याची शहानिशा सहसा कोणी करीत नाही. त्यात तथ्यांश आहे. भिन्न वंशांच्या संकरातून जन्मलेल्या पिल्लात एकाच सुप्त दोषाची जनुके आई आणि बाप या दोघांकडून येण्याचा संभव घटतो, आणि या लाभाला संकरज ओज म्हणतात. मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय रुग्णालयात आलेल्या २७,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ च्या अभ्यासात २४ आनुवंशिक विकारांपैकी १० शुद्ध जातींत अधिक आढळले, १३ विकारांत फरक दिसला नाही, आणि गुडघ्यातील बंध तुटण्याचा विकार तर मिश्र वंशातच जास्त निघाला. शिवाय हे ओज आनुवंशिक दोषांपुरतेच. गोचीड चावताना वंशावळ विचारीत नाही.

रूपावरून वंश ठरवण्याची हौसही फसवी असते, कारण रंग, कान व केस यांवर थोड्याच जनुकांचा ताबा असतो आणि एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. तरीही आईबापांची माहिती मिळाल्यास ती जपावी. सोलापूर-सांगलीकडच्या पिल्लात कारवानी या सडपातळ शिकारी जातीचे रक्त असेल, तर पळणारी कोंबडी दिसताच त्याचे धावणे ही खोड नसून शिकारी वंशाचा स्वभाव असतो. आणि ग्रेहाउंडसारख्या सडपातळ, अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यांना थायोपेंटोन या भुलीच्या औषधातून शुद्धीवर यायला वेळ लागत असल्याने, नसबंदीपूर्वी हा वंशसंबंध पशुवैद्यकाच्या कानावर घातलेला बरा.

प्रस्तुत लेखकाच्या घरातील कुत्रा, ज्याची आई लॅब्रॅडॉर आणि बाप वस्तीतला, पावसाळा सरता सरता ताटलीकडे पाहीनासा झाला, तेव्हा शेजारपाजारून सल्ला मिळाला तो हाच, की गावठी रक्त आहे, उपाशी राहून आपोआप बरा होईल. पुढे नाकातून रक्ताचा थेंब आला, ओठ वर करून पाहिल्यावर हिरड्या पांढुरक्या दिसल्या, आणि रक्ततपासणीत एर्लिकिया, म्हणजे गोचीडतापाचा जंतू, निघाला. हा जंतू रक्तातील पांढऱ्या पेशींत वाढतो आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका घटवतो. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनने तो आटोक्यात येतो, पण औषध साधारण चार आठवडे चालू ठेवावे लागते आणि कुत्रा दोन दिवसांत खेळू लागला म्हणून ते मध्येच सोडता येत नाही. अंगावरच्या गोचिडी वेचणे पुरेसे नसते, कारण हा जंतू पसरवणाऱ्या तपकिरी गोचिडीची रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते आणि पिल्ले पुन्हा त्याच कुत्र्यावर चढतात. म्हणून कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात व गळपट्ट्याखाली रोज बोटे फिरवावीत, पशुवैद्यकाने दिलेले गोचीडनाशक ठरल्या तारखेला द्यावे आणि झोपण्याच्या जागेभोवतालच्या फटी बुजवाव्यात.

अंग गरम लागले म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणे घातक ठरू शकते. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य, ही यादी घरातल्या लहानांनाही पाठ असावी. पार्व्हो आणि डिस्टेंपर यांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्यायची असते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात व त्यानंतर पशुवैद्यक सांगेल त्या तारखेला द्यावी. गावठी रक्ताच्या भरवशावर ती चुकवू नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रा वाचत नाही, मग त्याचा वंश कोणताही असो.