शालेय बाकांचे आयुष्य आणि लाकडी स्क्रूंची निवड

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या वेरूळ येथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यास लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखतात. या चैत्यगृहाच्या कमानदार छतावर लाकडी वाशांसारख्या फासळ्या पाषाणातून कोरलेल्या आहेत. दगड फोडणाऱ्या शिल्पकारांच्या डोळ्यांपुढे सुताराची बांधणी होती, हे त्यावरून स्पष्ट दिसते. त्या बांधणीची परंपरा कुसू आणि त्याच्या भोकाची होती. लोखंडाचा वापर त्यात बेताचाच असे. आज शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत कार्यालयांसाठी तयार होणाऱ्या लाकडी सामानाची भिस्त मात्र मोठ्या प्रमाणावर स्क्रूवर असते. बाकाच्या एकूण खर्चात स्क्रूचा वाटा अत्यल्प असतो. तथापि बाक डुगडुगू लागतो तो बहुधा सांध्यापाशी, आणि त्याचा उपद्रव मुलांना सोसावा लागतो.

क्रमांक, लांबी व डोके

लाकडी स्क्रूची जाडी क्रमांकाने सांगितली जाते. 6 क्रमांकाच्या स्क्रूची जाडी सुमारे 3.5 मिलिमीटर, 8 क्रमांकाची सुमारे 4.2 आणि 10 क्रमांकाची सुमारे 4.9 मिलिमीटर असते. दुकानात ‘35 बाय 8’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ 35 मिलिमीटर लांब व 8 क्रमांकाचा स्क्रू असा होतो. लाकडात डोके बुडवून पृष्ठभाग सपाट ठेवावयाचा असल्यास चपट्या डोक्याचा स्क्रू घ्यावा. व्यापारी त्यास ‘सीएसके’ म्हणतात. लाकडावर पत्रा अथवा लोखंडी पट्टी बसविताना गोल डोक्याचा स्क्रू सोयीचा ठरतो. चपट्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासह मोजतात, गोल डोक्याच्या स्क्रूची डोक्याखालून.

लांबी ठरविण्याचा नियम सोपा आहे. स्क्रूचा सुमारे एक तृतीयांश भाग वरच्या फळीत आणि दोन तृतीयांश भाग खालच्या आधारात गेला पाहिजे. फळी 18 मिलिमीटर जाडीची असल्यास 50 मिलिमीटरचा स्क्रू योग्य होय. त्याचा 32 मिलिमीटर भाग आधारात उतरतो. आधार किमान 40 मिलिमीटर जाड असल्यास टोक बाहेर येत नाही. लाकडाच्या आडव्या छेदात, म्हणजे तंतूंच्या टोकाकडून बसविलेल्या स्क्रूची पकड कमी असते. शक्यतो तशी रचना टाळावी.

धातूची पारख

कोरड्या खोलीतील सामानास जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी स्क्रू पुरेसा असतो. पाणी लागणाऱ्या ठिकाणी स्टेनलेस पोलादाचा किंवा पितळेचा स्क्रू घ्यावा. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात साधे लोखंड ओलाव्याने काळे डाग पाडते व स्वतःही गंजते. पितळेच्या नावाखाली पितळी मुलाम्याचे पोलाद दिले जाऊ शकते. त्यास लोहचुंबक चिकटते, खऱ्या पितळेस चिकटत नाही. पितळ मऊ असल्याने कठीण लाकडात प्रथम त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून मार्ग करावा व नंतर पितळेचा बसवावा. जिप्समच्या तक्त्यांसाठी असलेले काळे स्क्रू बाकास वापरू नयेत. ते कडक पण ठिसूळ असल्याने आडव्या ताणाखाली तुटतात.

बसविण्याची पद्धत

उत्तम स्क्रूही चुकीच्या पद्धतीने वाया जातो. वेळ वाचविण्यासाठी स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचे दोन वेढे फिरविण्याची सवय सर्वांत घातक होय. त्यामुळे लाकडाचे तंतू फाटतात आणि आट्यांना पकड उरत नाही. वरच्या फळीत स्क्रूच्या जाडीएवढे आणि आधारात त्याहून लहान छिद्र गिरमिटाने पाडावे. सागासारख्या लाकडात ते थोडे मोठे, मऊ लाकडात लहान असावे. आट्यांना मेण लावल्यास स्क्रू सुलभतेने उतरतो.

या जिल्ह्याच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते आणि पावसाळ्यात हवेतील ओलावा वाढतो. लाकूड रुंदीच्या दिशेने आकुंचन व प्रसरण पावते. रुंद फळीच्या दोन्ही कडा पक्क्या आवळल्यास ती तडकते. म्हणून मधला स्क्रू घट्ट ठेवून कडेची छिद्रे किंचित लांबट करावीत, आणि लाकूड चांगले रापलेलेच वापरावे.

खरेदी व तपासणी

केवळ ‘आवश्यक स्क्रूंसह’ असे लिहिलेल्या मागणीपत्रातून हलका माल येण्यास वाव राहतो. मागणीपत्रात लांबी, क्रमांक, डोक्याचा प्रकार, धातू व मानक यांचा उल्लेख असावा. खाचेच्या चपट्या डोक्याच्या लाकडी स्क्रूंसाठी भारतीय मानक 6760, गोल डोक्यासाठी 6739 आणि पुरवठ्याच्या तांत्रिक अटींसाठी 451 हे मानक आहे. वेष्टनावर आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो.

संख्येचा हिशेबही आधी मांडावा. एका बाकाच्या दोन फळ्या, प्रत्येकीस तीन आधार व प्रत्येक आधारावर दोन स्क्रू धरल्यास बारा स्क्रू लागतात. शंभर बाकांना 1,200. एका ग्रोसमध्ये 144 नग असतात, म्हणून नऊ ग्रोस घेतल्यास 1,296 नग मिळून 96 नग राखीव राहतात. काही वेष्टनांत शंभरच नग असतात. तेव्हा दरांची तुलना डब्यावरून न करता नगावरून करावी.

माल स्वीकारण्यापूर्वी प्रत्येक डब्यातील काही स्क्रू काढून पाहावेत. डोक्यावरील खाच मध्यभागी व पुरेशी खोल, टोक अणकुचीदार आणि आटे धारदार असावेत. दोन-तीन स्क्रू कठीण लाकडात योग्य छिद्र पाडून पूर्ण बसवावेत व पुन्हा काढावेत. खाच झिजली वा डोके तुटले, तर तो डबा परत करावा.

ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि गावातील जाणता सुतार यांनी ती एकत्र केल्यास सार्वजनिक पैशाची बचत होईल, आणि मुलांना बसण्यास दिलेला बाक अनेक वर्षे स्थिर उभा राहील.